आधी कोण? रेडिओवर बोलणाऱ्या गाड्यांच्या वाटेने

आइंडहोवनच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर पाहुण्याने चौक ओलांडावा आणि मग मागे वळून पाहावं. १९५६ सालची ती लांबट इमारत आणि तिच्या एका बाजूचा मनोरा पाहून जुन्या मंडळींना फिलिप्सचा रेडिओ आठवतो. गावात तर सर्रास सांगतात की स्थानक मुद्दामच रेडिओच्या आकाराचं बांधलं. वास्तुरचनाकार कून व्हान डर गास्ट यांच्या मनात ते होतं की लोकांनी मागाहून चिकटवलं, हा वाद चालू द्यावा. एकदा कानावर पडलं की रेडिओशिवाय दुसरं काही दिसत नाही, एवढं खरं. जवळच अँटन फिलिप्स यांचा पुतळा उभा आहे. फिलिप्स कुटुंबाने १८९१मध्ये इथे विजेचे दिवे करायला घेतले, पुढे रेडिओ केले, आणि नेदरलँड्सच्या दक्षिणेतलं हे गाव बघता बघता उद्योगनगरी झालं. शेजारच्या फेल्डहोवनमधल्या एएसएमएल कंपनीमुळे आता इथे भारतीय इंजिनिअरांचीही बरीच वस्ती आहे. शहर बसमध्ये मराठी ऐकू आली तर दचकू नये.

स्थानकापासून पूर्वेकडे टोंगेलरेसेस्ट्राट नावाचा रस्ता लागतो. त्यावर डाफ कंपनीचं संग्रहालय आहे, तेही हुब व्हान डोर्न यांनी १९२८मध्ये जिथे आपलं वर्कशॉप थाटलं त्याच जागी. तिथे ट्रक आहेतच, पण खरी मजा छोट्या मोटारींची. १९५८मध्ये डाफने दाखवलेल्या मोटारीत गिअर बदलायची भानगडच नव्हती; पट्ट्यांवर चालणारी व्हेरिओमॅटिक नावाची यंत्रणा ते काम आपोआप करायची. गंमत अशी की ही गाडी जितक्या वेगाने पुढे जाई तितक्याच वेगाने मागेही जाई. डच लोकांनी मग या गाड्यांच्या चक्क उलट्या शर्यती लावल्या. मोटारींचा धंदा १९७५मध्ये व्होल्वोकडे गेला, ट्रक मात्र आजही इथेच बनतात.

एका शहरात रेडिओ करणारे आणि ट्रक करणारे शेजारी शेजारी नांदले, तर कधी ना कधी त्यांची सोयरीक व्हायचीच. ती झाली शहराच्या पूर्वेला, ए२७० नावाच्या एका आखूड महामार्गावर.

हा रस्ता आइंडहोवनला हेल्मंडशी जोडतो. दोन्ही बाजूंना झाडी, सपाट जमीन, मध्ये दुभाजक. पर्यटकांच्या नकाशात त्याला कोणी विचारत नाही. पण गाड्यांनी आपापसात बोलून रस्ता कसा वाटून घ्यायचा, या विषयावर काम करणाऱ्या जगभरच्या इंजिनिअरांना हा रस्ता नावानिशी ठाऊक आहे. मे २०११मध्ये तो रहदारीला बंद करून इथे 'ग्रँड कोऑपरेटिव्ह ड्रायव्हिंग चॅलेंज' नावाची स्पर्धा झाली. डच संशोधन संस्था टीएनओ हिने ती भरवली होती. वेगवेगळ्या विद्यापीठांचे आणि संस्थांचे नऊ संघ आपापली गाडी घेऊन आले. अट एवढीच की एकामागे एक ताफ्यात धावताना वेग आणि ब्रेक गाडीने स्वतः सांभाळायचे, स्टिअरिंग माणसाच्या हाती. पुढच्या गाडीची खबर रेडिओवरून मिळेल. ती खबर घेऊन काय करायचं, हे ज्याने त्याने ठरवायचं.

वरवर पाहता यात काही विशेष वाटत नाही. पुढच्या गाडीपासून अंतर राखायला रडार पुरेसं आहे की! आज महागड्या गाड्यांत ती सोय असतेच. तरी रेडिओ कशाला?

उत्तर रोजच्या वाहतूककोंडीत आहे. पहिली गाडी जरासा ब्रेक लावते. दुसरीचं रडार ते ओळखतं, पण केव्हा? पहिलीचा वेग कमी व्हायला लागल्यावर. म्हणजे दुसरीला थोडा उशीर झालेला असतो, तो भरून काढायला ती जरा जास्त ब्रेक लावते. तिसरी त्याहून जास्त, चौथी आणखी जास्त. दहाव्या गाडीपर्यंत तो नुसता इशारा राहत नाही, ती गाडी थांबते. अपघात नाही, खड्डा नाही, तरी महामार्गावर गाड्या तुंबतात त्या अशा. रेडिओवर मात्र पहिली गाडी आपण किती जोराने वेग कमी करतोय हे त्याच क्षणी सांगते. मागचीला अंतर घटण्याची वाट पाहावी लागत नाही. मग धक्का मागे जाताना वाढत नाही, विरत जातो. हे नेमकं कोणत्या अंतराला आणि किती उशिराच्या संदेशाला साधतं, याचं गणित टीएनओच्या येरून प्लूख यांनी आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात २०१४मध्ये प्रबंध लिहून मांडलं, आणि टोयोटा प्रियस गाड्यांच्या ताफ्यावर ते तपासूनही पाहिलं.

२०११ची स्पर्धा जर्मनीतल्या कार्लस्रुहच्या ॲनीवे संघाने जिंकली. पण ताफ्यात धावणं हा या विषयातला सोपा धडा. एकामागे एक जायचं असेल तर वाद कशाचा?

आणि हा धडा नवाही नव्हता. चौदा वर्षं आधी, ऑगस्ट १९९७मध्ये, अमेरिकेत सॅन डिएगोच्या उत्तरेला आय-१५ महामार्गाच्या मधल्या मार्गिकांवर आठ ब्युइक गाड्यांचा ताफा ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने धावला होता. दोन गाड्यांमधलं अंतर साडेसहा मीटर. त्या वेगाने साडेसहा मीटर कापायला पाव सेकंदही लागत नाही. माणसाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत सगळं संपलेलं असेल. गाड्या एकमेकींशी रेडिओवर बोलत होत्या, आणि वाट चुकू नये म्हणून रस्त्यात दर चार फुटांवर लोहचुंबक पुरले होते. सुमारे १२ किलोमीटरच्या पट्ट्यासाठी नव्वद हजारांवर चुंबक. पाहुणे आत बसून फिरले, चालक हात सोडून हसत बसले, टीव्हीवाल्यांनी चित्रण केलं. पुढच्याच वर्षी सरकारने पैसा काढून घेतला आणि हे प्रात्यक्षिक ज्याचा भाग होतं तो राष्ट्रीय प्रकल्प गुंडाळला गेला. देशभरचे महामार्ग खणून चुंबक कोण पुरणार होतं? शिवाय त्या आठही गाड्या एकाच संशोधन गटाने एकसारख्या बनवलेल्या होत्या. एका आईच्या लेकरांनी एकमेकांचं ऐकलं, यात नवल ते काय.

ए२७०वर हेल्मंडकडे जाताना वाटेत न्यूनेन लागतं. इथे थांबायलाच हवं. व्हिन्सेंट व्हान गॉग १८८३च्या अखेरीपासून दोनेक वर्षं आई-वडिलांच्या या गावी राहिला, आणि 'बटाटे खाणारे' हे त्याचं गाजलेलं चित्र १८८५मध्ये इथल्याच शेतकरी कुटुंबाला समोर ठेवून रंगवलं. आइंडहोवन आणि न्यूनेनच्या दरम्यान २०१४मध्ये डान रोझेगार्ड या कलावंताने सायकलींसाठी एक वाट सजवली. दिवसा उजेड पिऊन ठेवणारे हजारो बारीक खडे तिच्यात बसवलेत. अंधार पडला की वाट हिरवट-निळी चमकू लागते, व्हान गॉगच्या 'तारकांकित रात्र' या चित्रातल्या आकाशासारखी.

ती वाट सुंदर आहेच. पण गाड्यांच्या रेडिओबद्दल विचार करणाऱ्याला तिथे एक कुसळ टोचतं. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त. त्या सायकलींवर ना रेडिओ, ना रडार, ना संगणक. न्यूनेनची एखादी आजी पिशवी हँडलला अडकवून रस्ता ओलांडते तेव्हा ती कुठलाही संदेश पाठवत नाही. गाड्यांनी आपापसात कितीही सुरेख ठरवलं, तरी आजीला त्या बैठकीचं आमंत्रण नसतं. म्हणून या क्षेत्रातले शहाणे लोक रेडिओला कॅमेरा-रडारच्या जागी बसवत नाहीत, जोडीला बसवतात.

दुसरी स्पर्धा मे २०१६मध्ये झाली, आणि तिच्यात खरा पेच घातला गेला. या वेळी दहा संघ होते. स्वीडन, जर्मनी, फ्रान्स, यजमान नेदरलँड्स अशा देशांतून आलेले, मोटारींच्या जोडीला ट्रकही.

पहिला प्रसंग असा. दोन मार्गिकांवर दोन ताफे शेजारी शेजारी चाललेत. पुढे रस्त्याचं काम चालू आहे, एक मार्गिका बंद. रस्त्याकडेच्या खांबावरचं यंत्र ही बातमी रेडिओने सगळ्यांना देतं. आता बंद मार्गिकेतल्या प्रत्येक गाडीला शेजारच्या रांगेत शिरायचंय. माणसं असती तर काय झालं असतं ते सांगायला नको: कोणी शेवटपर्यंत पुढे रेटणार, कोणी नाक घुसवणार, कोणी मुद्दाम फट बुजवणार. ए२७०वर हे सगळं संदेशांनी करायचं होतं. आधी जोड्या लागतात. चालू मार्गिकेतली प्रत्येक गाडी शेजारच्या रांगेतली कोणती गाडी आपल्यापुढे येणार हे मुक्रर करते आणि ते सगळ्यांना कळवते. मग ती वेग कमी करून तेवढी फट तयार करते. फट पुरेशी झाली, मागची गाडीही सुरक्षित अंतरावर आहे, असं दिसलं की ती एक खूण पाठवते: आता शिरायला हरकत नाही. ती खूण आल्याशिवाय शेजारीण चाक वळवत नाही. खूण आली की वळते, रांगेत स्थिरावते, आणि दोन्ही ताफ्यांचा एक होतो.

गोष्ट चार वाक्यांत संपली, पण प्रत्यक्षात प्रत्येक संघाचा संगणक वेगळा, सेन्सर वेगळे, प्रोग्रॅम लिहिणारे वेगळे. कोणाची गाडी हळूच ब्रेक लावणारी, कोणाची धसमुसळी. ट्रकला थांबायला लागणारं अंतर मोटारीपेक्षा जास्त. समान होती ती फक्त संदेशांची रचना आणि त्यांचा क्रम. आणि स्पर्धा असूनही इथे प्रतिस्पर्ध्याला वाट दिल्याशिवाय स्वतःला गुण मिळत नव्हते. शर्यतीच्या इतिहासात अशी अट घालणारे लोक फार नसतील.

दुसरा प्रसंग टी आकाराच्या चौकाचा. मुख्य रस्त्यावर समोरासमोरून दोन गाड्या येतायत, बाजूच्या रस्त्यावरून तिसरी येऊन डावीकडे वळू पाहतेय. हे लक्षात ठेवायला हवं की तिथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते. त्यामुळे डावं वळण हे आपल्याकडच्या उजव्या वळणासारखं अवघड. तिघी एकाच वेळी चौकात पोचतील अशी वेळ साधलेली. सिग्नल नाही, आणि कोणी पूर्ण थांबायचंही नाही. यावरची युक्ती मोठी हुशारीची आहे. प्रत्येक गाडी इतर दोघींना मनातल्या मनात आपल्याच रस्त्यावर आणून ठेवते. चौकापासून जी ४० मीटर दूर, ती जणू आपल्याच मार्गिकेत ४० मीटरवर आहे. मग तीन रस्त्यांच्या तीन गाड्या कागदावर एका रांगेत येतात, आणि रांगेत अंतर कसं राखायचं हे तर २०११पासून येतच होतं. चौकात शिरेपर्यंत त्यांच्यात आपोआप फट पडलेली असते.

तिसरा प्रसंग रुग्णवाहिकेचा: मागून ती येतेय, कोणत्या बाजूने जाणार हे सांगतेय, आणि दोन्ही रांगा बाजूला सरून मधोमध वाट करून देतायत. याला गुण नव्हते, तो दाखवण्यापुरता होता. सामान्य प्रेक्षकाला मात्र तोच सगळ्यात पटला असणार.

विजय स्वीडनच्या हाल्मस्टाडमधल्या विद्यापीठाच्या संघाला मिळाला. बलाढ्य मोटारकंपन्यांच्या गावातलं हे विद्यापीठ नव्हे. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं लहानसं शहर ते. त्यांच्या व्होल्वो गाडीने इतरांच्या बेभरवशाच्या वागण्याला नीट तोंड दिलं.

इथून पुढचा प्रश्न मुळातला आहे. ए२७०वर काय घडणार हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. प्रसंग ठरलेले, क्रम ठरलेला. खऱ्या रस्त्यावर प्रसंगांची यादी कोण करणार? कोकणातल्या एखाद्या अरुंद घाटात दोन एसट्या समोरासमोर येतात, तेव्हा एक चालक खिडकीतून हात काढून बोटं हलवतो, दुसरा आपली गाडी दोन हात मागे घेतो, आणि गाड्या निघतात. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात ते नसतं. यंत्रांना हे शिकवायचं, तर प्रसंगाचं नाव न घेता बोलता येईल अशी पद्धत हवी.

ती पद्धत जर्मनीत घडत गेली. फोक्सवॅगनच्या संशोधकांनी २०१८च्या सुमारास मांडलेली कल्पना थोडक्यात अशी. प्रत्येक स्वयंचलित गाडी पुढच्या काही सेकंदांत आपण कुठून कुठे जाणार, ही आपली आखलेली वाट सतत हवेत सोडत राहते. तिला दुसरीच वाट आवडली असती, पण कोणाच्या तरी गाडीमुळे ती अडली असेल, तर ती दुसरी, हवीशी वाटही जोडीला पाठवते. ऐकणारी गाडी हिशोब करते: हिला ही वाट द्यायची तर मला किती हळू व्हावं लागेल? परवडत असेल तर ती काही बोलत नाही, फक्त आपली आखलेली वाट बदलते. ती बदललेली वाट प्रसारित झाली, हाच होकार. परवडत नसेल तर आहे तशी जात राहते, हाच नकार. विनंती नाकारली गेली तरी काही बिघडत नाही, कारण मूळ आखलेली वाट दोघींचीही सुरक्षितच होती.

या पद्धतीचं मोठेपण यात आहे की तिला चौक, मार्गिका, उतार, ओव्हरटेक असले शब्दच लागत नाहीत. आयमॅजिन या जर्मन सरकारच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पात, २०१६ ते २०२२ या काळात, मोटारकंपन्या आणि विद्यापीठांनी महामार्गावर शिरणं, वळणं, ट्रकने ट्रकला ओलांडणं अशा प्रसंगांत गाड्यांनी मिळून ठरवण्याची अंगं तपासली. युरोपची दूरसंचार मानकसंस्था ईटीएसआय अशा संदेशांचा आराखडा बसवण्यात गुंतली, आणि अमेरिकेत एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेने आपलं वेगळं मानक काढलं.

हे सगळं चालतं ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर. घरातल्या वायफायची ही चुलत बहीण. फरक असा की तिला आधी राउटरशी ओळख करून घ्यावी लागत नाही. दोन अनोळखी गाड्या काही शे मीटरच्या टप्प्यात आल्या की थेट बोलू लागतात. युरोपातल्या पद्धतीत प्रत्येक गाडी आपला ठावठिकाणा, वेग आणि दिशा सेकंदाला एकापासून दहा वेळा सांगते. संदेश कुलूपबंद नसतो, कारण तो सगळ्यांसाठीच असतो. पण त्यावर डिजिटल सही असते, म्हणजे कोणी रस्त्याकडेला लॅपटॉप घेऊन बसून "मी रुग्णवाहिका आहे, बाजूला व्हा" अशी थाप मारू शकत नाही. आणि त्या सहीमागचं टोपणनाव ठरावीक काळाने बदलत राहतं, नाहीतर गाडीचा मालक रोज संध्याकाळी कुठे जातो हे कोणालाही समजलं असतं. इंजिनिअरांनी नवराबायकोच्या भांडणांचाही विचार करून ठेवलाय असं म्हणायला हरकत नाही.

हेल्मंड हे तसं कापडाचं गाव. व्लिस्को या इथल्या कारखान्यात १८४६पासून कापड छापलं जातं, आणि जावामधल्या बाटिकवरून घेतलेले त्याचे भडक नमुने पश्चिम आफ्रिकेतल्या बायका मोठ्या हौसेने नेसतात. आता गावाच्या एका अंगाला ऑटोमोटिव्ह कॅम्पस उभा आहे आणि टीएनओची वाहनांवर काम करणारी मंडळी इथेच बसतात. गावातल्या सिग्नलांनाही बोलायची सवय लागलेली. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या युरोपीय चाचण्यांत इथले सिग्नल येणाऱ्या ट्रकला किंवा अग्निशमन दलाच्या बंबाला ओळखून हिरवा दिवा धरून ठेवायचे. भरलेला ट्रक थांबवून पुन्हा हलवायला भरपूर डिझेल जळतं, तेव्हा त्याला न थांबवणं सगळ्यांच्याच फायद्याचं.

डिझेलचा विषय निघाला की वाट पश्चिमेला, रोटरडॅमकडे वळते.

एप्रिल २०१६मध्ये, हेल्मंडच्या दुसऱ्या स्पर्धेच्या जेमतेम दोन महिने आधी, युरोपातल्या सहा ट्रककंपन्यांचे सहा ताफे आपापल्या गावाहून रोटरडॅम बंदराकडे निघाले. स्कॅनियाचे ट्रक स्टॉकहोमजवळच्या सोडरटेल्येहून, सुमारे २,००० किलोमीटर अंतर कापून. व्होल्वोचे गोथेनबर्गहून, डाइमलरचे स्टुटगार्टहून, मानचे म्युनिकहून, इव्हेकोचे ब्रसेल्सहून, आणि डाफचे बेल्जियममधल्या वेस्टरलोहून. डाफच्या ताफ्यात आइंडहोवनचं ते जुनं शेजारपण पुन्हा जुळलं: त्यातल्या रेडिओ-चिप एनएक्सपीच्या होत्या, आणि एनएक्सपी म्हणजे फिलिप्सचा २००६मध्ये वेगळा झालेला चिप-विभाग. दोन ट्रकांमध्ये अर्ध्या सेकंदाचं अंतर. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते ११ मीटर भरतं. मागच्या चालकाला पुढच्या ट्रकच्या ढुंगणाशिवाय काही दिसणार नाही, म्हणून पुढच्या कॅमेऱ्याचं चित्र त्याच्या केबिनमधल्या पडद्यावर यायचं.

खरा त्रास तंत्राचा नव्हता, कायद्याचा होता. जर्मनीत साडेतीन टनांवरच्या ट्रकने महामार्गावर ताशी पन्नासच्या पुढे असताना किमान ५० मीटर अंतर राखायचं असतं. शेजारच्या देशांचे नियम आणखी वेगळे. प्रत्येक सरकारकडून वेगवेगळी सूट काढावी लागली. ६ एप्रिलला सगळे ताफे रोटरडॅम बंदराच्या मासव्लाक्टे या भागात पोचले, भाषणं झाली, फोटो निघाले. एक गोष्ट त्या फोटोंतही दिसते: प्रत्येक ताफा एकाच कंपनीचा. स्कॅनिया स्कॅनियाच्या मागे, डाफ डाफच्या मागे. सॅन डिएगोचीच गत.

पुढची तीन वर्षं हिशोबाची. मान आणि मालवाहतूक कंपनी डीबी शेंकर यांनी म्युनिक आणि न्युर्नबर्गच्या दरम्यान ए९ महामार्गावर रोजच्या मालवाहतुकीत दोन ट्रकांचा ताफा ३५,००० किलोमीटर चालवून पाहिला. अंतर १५ ते २१ मीटर. फ्रेसेनियस महाविद्यालयाच्या अभ्यासकांनी चालकांच्या मेंदूतल्या लहरीसुद्धा मोजल्या. मागे बसून कोणाच्या डोक्याला जास्त ताप झाला असं दिसलं नाही, उलट चालक खूश होते. २०१९मध्ये आलेला निष्कर्ष: डिझेलची बचत ३ ते ४ टक्के. चांगली आहे, पण डोळे दिपवणारी नाही. कारण उघड आहे. वाटेत दर थोड्या अंतराने रस्ते येऊन मिळतात, मोटारी मध्ये घुसतात, ताफा तुटतो, पुन्हा जुळवताना मागच्याला वेग वाढवावा लागतो आणि वाचलेलं डिझेल तिथे जळतं. डाइमलरने तर जानेवारी २०१९मध्येच जाहीर करून टाकलं की या धंद्यात दम नाही. ते ताफ्यांचा नाद सोडून पूर्ण स्वयंचलित ट्रककडे वळले.

तरी एक काम झालं ते महत्त्वाचं. टीएनओच्याच पुढाकाराने २०१८पासून एन्सेम्बल प्रकल्पात सगळ्या कंपन्यांना एका भाषेवर आणलं गेलं, आणि सप्टेंबर २०२१मध्ये स्पेनमध्ये बार्सिलोनाजवळ सात वेगवेगळ्या ब्रँडच्या सात ट्रकांचा एक ताफा धावला. बाजारात भाऊबंदकी करणाऱ्यांनी रस्त्यावर रांग धरली. डिझेल किती वाचलं यापेक्षा हे मोठं.

मोटारींचं गाडं मात्र लहरींच्या भांडणात रुतलं. वायफायची चुलत बहीण घ्यायची की मोबाइल फोनच्या तंत्रातून निघालेली नवी पद्धत? दोन्ही पद्धती एकमेकींचं बोलणं समजत नाहीत. युरोपीय आयोगाने पहिलीच्या बाजूने नियम केला, तो जुलै २०१९मध्ये सदस्य देशांनी हाणून पाडला. अमेरिकेने १९९९मध्ये या कामासाठी ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखला होता. वीस वर्षं तो जवळजवळ पडून राहिला, म्हणून २०२०मध्ये त्यातला ४५ मेगाहर्ट्झ वायफायला देऊन टाकला. तिकडे फोक्सवॅगनने वाट न पाहता २०१९च्या आठव्या पिढीच्या गोल्फमध्ये हा रेडिओ बसवून विकायला काढला. पुढे अपघात आहे, गाडी बंद पडलीय, रुग्णवाहिका येतेय, असं तो चालकाला सांगतो. वाट मागणं आणि वाट देणं मात्र त्याच्या कामात नाही. म्हणजे हेल्मंडला विद्यार्थ्यांनी २०१६मध्ये करून दाखवलं ते शोरूममधल्या गाडीत आलेलं नाही, आणि त्याचा दोष इंजिनिअरांकडे जात नाही.

आइंडहोवनहून निघालेला पाहुणा रोटरडॅम ओलांडून मासव्लाक्टेला पोचला, की त्याला या सगळ्याची उलटी बाजू पाहायला मिळते. समुद्र हटवून केलेली ही जमीन. तिचा दुसरा टप्पा २०१३मध्ये खुला झाला. इथल्या ईसीटी टर्मिनलवर १९९३पासून, म्हणजे सॅन डिएगोच्याही आधीपासून, कंटेनर वाहणाऱ्या बिनचालक गाड्या धावतायत. एपीएमच्या नव्या टर्मिनलवर त्या बॅटरीवर चालतात आणि कंटेनर स्वतःच उचलून घडवंचीवर ठेवतात. केबिन नाही, खिडकी नाही, नुसता चाकांवरचा पाट. आडव्या-उभ्या जातात, थांबतात, वाट देतात, धडकत नाहीत. पण त्या आपापसात काही ठरवत नाहीत. वर एक संगणक बसलाय, तो सगळ्यांना रेडिओवरून हुकूम सोडतो: तू थांब, तू जा. सगळ्या गाड्या एका मालकाच्या, कुंपणाच्या आत माणसाला मज्जाव, सायकलवाली आजी तर दूरच. म्हणून तीस वर्षांमागेच जमलं. सार्वजनिक रस्त्यावर असा एक धनी नसतो, आणि असावा असं फारसं कोणाला वाटतही नाही.

हे पाहायचं असेल तर बंदराचं पोर्टलांटिस नावाचं माहिती केंद्र २०२५मध्ये इथे सुरू झालंय. रोटरडॅमहून अर्धा दिवस हाताशी ठेवून जावं. वारा बेफाम असतो, कानटोपी विसरू नये. टर्मिनलच्या फाटकाशी काही वेळ उभं राहिलं तरी फरक कळतो. आतल्या गाड्यांत कोणी नाही. फाटकातून कंटेनर घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ट्रकमध्ये चालक बसलेला असतो, आणि ए१५ महामार्गावर शिरताना शेजारच्या ट्रकवाल्याकडे वाट मागायला त्याच्यापाशी आजही इंडिकेटर, आरसा आणि हेडलाइटच असतात.